तीनपानाला शंभर घरं

मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर महाग असतं, कारण कंपनी मोठी असते. आणि ते आपल्याला फुकट मिळतं, कारण आपण साधी माणसं असतो. या दोन सत्यांवर घरगुती संगणकाचा सगळा संसार उभा आहे. त्यात तिसरं सत्य घुसवू पाहणाऱ्याचं काय होतं, त्याचा हा अहवाल आहे. सावली या तालुक्याच्या गावातील घरगुती संगणकधारक मंडळाचा सचिव या नात्याने तो लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे सोमाजी यांच्यावर, आली. मी एकतीस वर्षं आलापल्लीला वनखात्यात कारकुनी केली, शेवटची सहा वर्षं मुख्य लिपिक म्हणून. त्यामुळे अहवाल कसा लिहितात हे मला कोणी शिकवू नये.

प्रथम परिस्थिती. मंडळाच्या पाहणीनुसार गावात घरगुती संगणक एकशे सदतीस. पैकी चालू एक्क्याण्णव. पैकी टॉवेलने झाकलेले अठ्ठ्याऐंशी (उरलेल्या तिन्हींवर घरमालकिणींनी विणलेले रुमाल आहेत). वापराचं वर्गीकरण असं: पोरांचे शाळेतले प्रकल्प, लग्नाचे बायोडाटे, तहसीलदारांना अर्ज, त्या अर्जांची स्मरणपत्रं, आणि पत्ते खेळणे. पत्त्यांचा आकडा मोठा निघाल्यामुळे तो ‘इतर’मध्ये दाखवला आहे. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर एकाही संगणकात आढळलं नाही. एका घरी आढळलं होतं, पण त्या गृहस्थांनी ते चुकून घेतल्याचं लेखी दिलं.

या परिस्थितीचं श्रेय निकेशला जातं. निकेशचं बसस्टँडसमोर संगणकाचं दुकान आहे. जगातल्या बड्या कंपन्यांनी हजारो इंजिनियर राबवून जे तयार केलं, ते सगळं निकेश शर्टाच्या खिशातल्या एका पेनड्राइव्हवर घेऊन स्कूटरने घरोघरी पोचवतो. त्याला आमच्याकडे ‘फुल व्हर्जन’ म्हणतात. फुल व्हर्जन फुकट असतं. बसवण्याचे तीनशे रुपये. ते मेहनतीचे असतात, वस्तूचे नसतात. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला पुढचं काहीच कळणार नाही.

गेल्या साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र विपरीत घडलं. धनराजभाऊंच्या संगणकातल्या एकूण एक फायलींना कुलूप लागलं. धनराजभाऊ राईस मिलचे मालक आणि मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या लेकीच्या, उर्वशीच्या, लग्नाची अकराशे पाहुण्यांची यादी त्यात होती, जातीनिहाय, गावनिहाय आणि रुसवेनिहाय. पडद्यावर इंग्रजीत एक नोटीस आली, की कुलूप उघडायचं असेल तर डॉलरमध्ये पैसे भरा. धनराजभाऊंनी ताबडतोब निकेशला बोलावून विचारलं, की डॉलरचं फुल व्हर्जन मिळतं काय. ते मिळत नसल्याचं निकेशने खेदाने कळवलं.

सायंकाळपर्यंत तेवीस घरांत तसंच कुलूप लागल्याचं समजलं. ही तेवीस घरं म्हणजे त्या महिन्यात निकेशचा पेनड्राइव्ह जिथे जिथे गेला ती घरं होती, असं एका सदस्याने निदर्शनास आणलं. निकेशने सांगितलं की पावसाळ्यात हवा दमट असते, व्हायरस होतातच. मंडळाने हे स्पष्टीकरण मान्य केलं, कारण हवा खरोखरच दमट होती. माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या बावीस अर्जांना कुलूप लागलं होतं. मला अतोनात राग आला, पण तो कोणावर काढायचा हे ठरेना, म्हणून मी सभा बोलावली.

सभा मिलमध्ये झाली. बड्या कंपन्यांवरचा विश्वास तसूभरही ढळू न देता, छोट्या कंपन्यांचे परवडणारे पर्याय शोधण्यात यावेत, असा ठराव एकमताने संमत झाला. शोध फार लांबवर करावा लागला नाही. छोटी कंपनी पाचव्या वॉर्डात बुद्धविहाराच्या गल्लीतच होती. इतकी छोटी, की समोरच्या खोलीत मावायची.

अंगणवाडीच्या रीताबाई खोब्रागडे यांची मुलगी संघप्रिया नागपूरला इंजिनियर झाली, पाच वर्षं पुण्याला नोकरी करून दोन वर्षांपूर्वी परत आली. का परत आली, याबद्दल गावात चार मतप्रवाह होते, आणि चारही तिच्या चारित्र्याशी संबंधित होते. तिचं स्वतःचं म्हणणं, आई एकटी आहे आणि तिला इथेच राहायचं आहे, हे कोणाला पटण्यासारखं नव्हतं. तिने ‘तीनपान’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्यात तीन भाग: पत्र, तक्ता आणि चित्र. पळसाला पानं तीनच, घराला तरी याहून जास्त कशाला लागतात, असं ती म्हणाली. किंमत तीनशे रुपये, एकदाच. अडचण आली तर फोन करायचा, ती स्वतः उचलणार. तीन पानांवरून गावात आधीच पोलीस धाड घालतात, तेव्हा नाव बदलता येईल काय, अशी सूचना एका सदस्याने केली. ती फेटाळण्यात आली.

मग तिने एक गोष्ट सरळ सांगितली. अशा गोष्टी सरळ सांगू नयेत हे तिला पुण्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

“हैदराबादच्या कंपनीची नोकरी हातात आहे,” ती म्हणाली. “मार्चपर्यंत वाट पाहतो म्हणाले ते. मार्चच्या आत शंभर घरायनं तीनपान घेतलं, तं माहं इथीच भागते. मंग मी कुठी जात नाई.”

सभागृह हेलावलं. गावची पोरगी गावातच राहिली पाहिजे, असं धनराजभाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले. तसा ठराव झाला (ठराव क्रमांक चार, टाळ्या दोन मिनिटं). शंभर घरं म्हणजे काय, उद्या होतील, असं सगळ्यांचंच मत पडलं. त्यानंतर चहा आला आणि विषय क्रमांक पाच सुरू झाला.

तरीही कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घेऊ नये, हा नियम आहे. तीन जणांची तपासणी समिती नेमली: धनराजभाऊ, मी, आणि तज्ज्ञ म्हणून निकेश. गावात दुसरा तज्ज्ञ नव्हता. दुसरी होती, पण तिचीच तपासणी होती.

समितीने काम कसोशीने केलं. तीनपान चार सेकंदांत उघडलं. बड्या कंपनीचं उघडायला तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात माणूस तोंड धुऊन येतो. एवढ्या घाईने उघडणाऱ्या वस्तूत भरलेलं तरी काय असणार, अशी शंका निकेशने नोंदवली. मजकूर लिहिताना सहा वेळा वीज गेली (त्यासाठी समितीला वेगळी व्यवस्था करावी लागली नाही) आणि सहाही वेळा मजकूर जिथल्या तिथे सापडला. प्रिंट घेतली तर पडद्यावर होतं तेच कागदावर आलं. बटणं मराठीत असल्यामुळे ती सगळ्यांना कळत होती, आणि म्हणून आपण संगणक चालवत आहोत असं कोणालाच वाटत नव्हतं. अडचण म्हणून फोन केला तर पहिल्या घंटीला उचलला गेला. बड्या कंपनीचा फोन आजवर कोणी उचललेला नाही. जो उचलतो त्याला दुसरं काम नसतं, हे उघड आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप धनराजभाऊंचा होता. कंपनीची मालकीण त्यांना मंगळवारच्या बाजारात वांगी घेताना दिसली होती. वांगी तिने दाबून पाहिली, भाव केला आणि अर्धाच किलो घेतली. ज्या कंपनीचा मालक आपण कधी पाहिला नाही, तिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवता येतो, कारण डोळे उघडून पाहण्यासारखं तिथे काहीच नसतं. वांगी घेणाऱ्या मालकाचं तसं नाही. तिच्या पत्त्यातला वॉर्ड क्रमांकही समितीने दोनदा विचारून घेतला. (उद्देश निव्वळ टपालाच्या सोयीचा होता.)

समितीचा अभिप्राय: सर्व चाचण्यांत उत्तीर्ण, सबब काळजीपूर्वक पाहणे आवश्यक. तीस दिवस फुकट वापरून पाहण्याची सोय तीनपानात होतीच. एक ऑक्टोबरपासून सगळ्या गावाने ती घेतली.

तिसावा दिवस उजाडला तेव्हा गावाचं सगळं काम तीनपानावर होत होतं. उर्वशीच्या पाहुण्यांची यादी पुन्हा झाली होती, रुसवे नव्याने तपासून. एकतिसाव्या दिवशी तीनपानाने नम्रपणे विचारलं, की मुदत संपली आहे, घ्यायचं काय? हा प्रश्न कोणत्याही घरात याआधी कोणत्याही सॉफ्टवेअरने विचारलेला नव्हता. लोकांना तो अपमानास्पद वाटला.

उपाय निकेशने काढला. संगणकातली तारीख मागे करून एक ऑक्टोबर केली, की तीनपानाला पुन्हा तीस दिवस मिळत होते. ते संपले की पुन्हा एक ऑक्टोबर. तारीख मागे करण्याचे निकेशने काही घेतले नाहीत, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

अशा रीतीने आमच्या गावात ऑक्टोबर सुरू झाला आणि थांबला. बाहेर दिवाळी झाली, धान कापून झाला, मंडईच्या जत्रेचे तंबू लागले आणि उठले, जानेवारीत शेकोट्या पेटल्या. संगणकात ऑक्टोबरच. उर्वशीच्या लग्नपत्रिकेवर तीनपानाने आपणहून छपाईची तारीख टाकली आणि ती पत्रिका साखरपुड्याच्याही आधीची निघाली, त्यावरून मुलाकडच्यांनी दोन बैठका घेतल्या. माझा निवृत्तिवेतनाचा तेविसावा अर्ज ‘साडेतीन महिने विलंबाने सादर, कारण नमूद करावे’ या शेऱ्यासह परत आला. मी कारण नमूद केलं. त्या पत्रावरही ऑक्टोबरच पडला. काळाला असं खुंटीला बांधून ठेवणारा दुसरा तालुका माझ्या पाहण्यात नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

संघप्रियेला हे माहीत होतं. तरी ती फोन उचलत राहिली.

आमच्या घरी तर ती यायचीच. माझी बायको गुणाबाई चौथी शिकलेली. तिला रोवणीची गाणी येतात. चिखलात ओळीने वाकून धान रोवताना बाया म्हणतात ती, आता रोवणीलाही मोबाईल वाजतो ते सोडा. एक दिवस संघप्रियेने तिला तीनपानापुढे बसवलं आणि म्हटलं, बाई, एक गाणं लिहा. गुणाबाईने एका बोटाने चार ओळी लिहायला पाऊण तास घेतला. मग स्वतः लिहिलेलं स्वतः वाचलं आणि पदर तोंडाला लावून बसली. रडते की हसते हे मला कळलं नाही, म्हणून मी बाहेर ओसरीवर गेलो. माघ महिन्यापर्यंत तिची एकेचाळीस गाणी लिहून झाली. स्वयंपाक थोडा मागेपुढे व्हायला लागला, पण मी तक्रार केली नाही. मला ते बघायला आवडत होतं.

अशाच एका दुपारी संघप्रियेने मला विचारलं. आवाज चढवला नाही, चहाचा कप खाली ठेवून विचारलं, की भाऊ, तुम्ही जंगलात बिनहातोड्याचं लाकूड पकडत होते ना?

वाचकांसाठी खुलासा: डेपोतून निघणाऱ्या सागाच्या प्रत्येक लाकडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. ठसा नसेल तर माल चोरीचा. माझ्या सहीने असे कित्येक ट्रक जप्त झाले, आणि दाराच्या चौकटीपुरतं एक लाकूड आणणाऱ्या माणसालाही मी सोडलं नाही.

“मंग तुमच्या या डब्ब्यात कोणता माल हातोड्याचा आहे?” ती म्हणाली.

मी तिला नियम समजावून सांगितला. चोरीची तोड झाली की जंगलात मागे बुडखा राहतो. आम्ही बुडखे मोजतो, त्यावरून किती झाडं गेली ते कळतं. सॉफ्टवेअर घेतलं तर मूळच्या जागी काही कमी होत नाही, झाड जिथल्या तिथे उभंच. बुडखा नाही, म्हणजे तोड नाही. तोड नाही, म्हणजे गुन्हा नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवाशिवाय एवढा स्वच्छ मुद्दा कोणाला सुचणार नाही. पुढच्या सभेत तो ठराव क्रमांक अकरा म्हणून मंजूरही झाला.

संघप्रियेने कप उचलून चहा संपवला. तिने गुणाबाईला बेचाळिसाव्या गाण्याची फाईल उघडून दिली आणि गेली.

गुणाबाई मात्र बोलली, पण दोन दिवसांनी. झालं असं की संगणकाची तारीख मागे करायला मी बसलो, तर तीनपानाने मुदतीचं काही विचारलंच नाही. चौकशी करता समजलं, की गुणाबाईने पौष महिन्यातच ते विकत घेतलं होतं. मला न विचारता. स्वतःच्या नावावर. मी म्हटलं, सगळं गाव फुकट वापरत असताना तुला काय एवढी घाई झाली होती?

“काऊन?” ती म्हणाली. “पोरगी रोज आपल्या दारावरून जाते. तिले तोंड दाखवाचं हाय मले.”

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली. जेवण होईपर्यंत टिकली. मग मी विचार केला, की घरात एक प्रत विकतची झालीच आहे, तेव्हा आता आमच्या घरावर काही बोट ठेवता येणार नाही, आणि शांत झोपलो.

इथे गावावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितलं पाहिजे, की तीनपान घ्यायला कोणाचाच विरोध नव्हता. प्रश्न फक्त पहिलं कोण घेणार याचा होता. पन्नास होऊ दे, मग घेतो, असं नव्वद जण म्हणाले. बाकीच्यांचा आग्रह होता, की शेवटी एक कमी पडलं तर आम्हाला हक्काने सांगा, तो एक आमचा. म्हणजे मंडळाच्या नोंदीप्रमाणे शंभरावं घर व्हायला एकशे पस्तीस घरं तयार होती. एवढा पाठिंबा फार थोड्या उद्योगांना मिळतो. दरम्यान वाटाघाटीही चालू होत्या. पदाधिकाऱ्यांना मोफत द्यावं, एका घराच्या किमतीत अख्खी गल्ली घ्यावी, उघडताना धनराजभाऊंचा फोटो यावा, अशा विधायक सूचना तिला वेळोवेळी कळवल्या. तिने फोटो टाकायची तयारी दाखवली. मग धनराजभाऊंनी फोटो निवडायला मार्च घालवला.

मार्च संपता संपता हिशेब स्पष्ट झाला. तीनपान विकत घेतलेली घरं तीन: एक रीताबाई, म्हणजे तिची आई, दुसरी गुणाबाई, तिसरे हेमलकशाच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेतले शिक्षक, ज्यांना संघप्रिया ओळखतही नव्हती. शंभराला सत्त्याण्णव कमी.

गावाने तिला निरोप मात्र असा दिला, की तसा कोणत्याही कन्येला मिळाला नसेल. मिलमध्ये मांडव, शाल, श्रीफळ, पाठीमागे मोठा फलक: ‘सावलीची कन्या मोठ्या कंपनीत! हार्दिक अभिनंदन!’ फलकाचं चित्र तीनपानातच केलं होतं, अक्षरं फार सुबक आली होती. कोपऱ्यात बारीक तारीख होती, एक ऑक्टोबर. धनराजभाऊंनी भाषणात सांगितलं, की छोट्या गावात मोठी माणसं होतात आणि मोठ्या गावी जातात, यालाच प्रगती म्हणतात. निकेशनेही तिच्या कर्तृत्वाचा गौरव केला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीनपान आल्यापासून सहा महिने त्याच्याकडे फुल व्हर्जन बसवायला कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्या पाण्याचं कारण निश्चित सांगता येत नाही.

मग संघप्रिया उठली. फार बोलली नाही. म्हणाली, इंटरनेट लागलं की तीनपान कुठे कुठे उघडलं ते तिला कळतं. सावली, मूल, गडचिरोली, आलापल्ली धरून आज चारशे बारा घरांत ते चालू आहे. यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. चारशे बारा घरं असूनही कंपनी चालवता आली नाही, म्हणजे छोट्या लोकांना व्यवस्थापन जमत नाही, हे माझ्या शेजारी बसलेल्याने माझ्या कानात सांगितलं, आणि मलाही ते बरोबर वाटलं.

“काल एक काम केलं,” ती पुढे म्हणाली. “तीनपानाचं मुदतीचं कुलूप काढून टाकलं. आता ते साऱ्याईले फुकट आहे, कायमचं. तारखा मागं करू नका. ऑक्टोबर संपवा.”

लोक हसले. रीताबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसत्या लेकीकडे बघत राहिल्या. माझी त्यांच्याशी नजरानजर व्हायची वेळ आली तेव्हा मी खुर्च्या मोजायला घेतल्या. खुर्च्या भाड्याच्या होत्या.

शेवटी मंडळाच्या वतीने तिला एक अर्ज देण्यात आला. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर तिथल्या सॉफ्टवेअरचं फुल व्हर्जन गावासाठी मिळवून द्यावं, अशी त्यात नम्र विनंती होती. खाली एकशे पस्तीस सह्या. तिने तो पूर्ण वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सगळ्यांना वाकून जयभीम केला.

ती गेल्यानंतर आठ दिवसांत गावात कुजबूज सुरू झाली. पोरगी मोठ्या कंपनीत गेली आणि जाताना सॉफ्टवेअर फुकट करून गेली, ते कशासाठी? आपल्या हाताने बनवलेली वस्तू कोणी अशी देऊन टाकतं काय? निकेशने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं.

“जे फुकट देते ना जी, त्याच्यात काईतरी रायतेच.”

हे तर्काला धरून होतं. चोरून घेतलेल्या फुकटात धोका नसतो, कारण तो देणाऱ्याच्या मनात नसतो; पण जाणूनबुजून दिलेल्या फुकटात हेतू असतो. एप्रिलअखेर गावातल्या बहुतेक संगणकांतून तीनपान काढून टाकण्यात आलं आणि निकेशने पुन्हा बड्या कंपनीचं फुल व्हर्जन बसवून दिलं. बसवण्याचे तीनशे रुपये. ते सगळ्यांनी त्याच दिवशी, पहिल्याच फेरीत, घासाघीस न करता दिले. मीही देणार होतो. पण गुणाबाई संगणकापुढे बसून होती आणि उठेना, म्हणून निकेशला ओसरीवरूनच परत जावं लागलं.

प्रकरण इथे बंद झालं असतं. परंतु मे महिन्यात रीताबाई आमच्याकडे आल्या. गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी त्यांनी घेतला नाही, उभ्याच राहिल्या. संघप्रियेचा फोन येतो, जेवण बाहेरचं आहे, एकटी खोली करून राहते, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या:

“भाऊ, एवढ्या मोठ्या गावात शंभर घरं नव्हती काय?”

त्यांनी हे भांडणाच्या सुरात विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांना खरोखरच माहिती हवी होती. एकतीस वर्षांत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ विचारलं, पण असं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की कागदपत्रं पाहून कळवतो. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. गुणाबाईने तो न घेतलेला पाण्याचा तांब्या रात्रीपर्यंत माझ्यापुढेच ठेवला.

मंडळापुढे मी हा प्रश्न ठेवला. न घेणारी घरं तर शेकड्यांनी होती. पण शंभराला कमी पडली सत्त्याण्णव, तेव्हा दोषही सत्त्याण्णव घरांचाच, त्याहून एकाचाही जास्त नाही, असं धनराजभाऊंनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. त्या सत्त्याण्णव घरांची यादी करून रीताबाईंना द्यावी असं ठरलं. स्वतःचं नाव स्वतः देण्याचा नियम केला तर पंधरा दिवसांत एकही नाव आलं नाही. मग नियम बदलून शेजाऱ्याचं नाव देण्याची मुभा दिली, तेव्हा एका सायंकाळी शहाण्णव नावं जमली. माझं धनराजभाऊंनी दिलं. त्यांचं मी दिलं. आमचं घर विकत घेणाऱ्या तीन घरांत धरावं, असा अर्ज मी केला होता. प्रत गुणाबाईच्या नावावर आहे, असं उत्तर मिळालं. ते उत्तर सचिव म्हणून मलाच लिहावं लागलं.

सत्त्याण्णवावं नाव मात्र मिळेना. उरलेल्या सगळ्या घरांनी आपल्याकडे संगणकच नाही असं लेखी दिलं आहे. ते लेखी संगणकावर टाइप केलेलं आहे, पण त्याला इलाज नाही. यादी अपुरी राहिली तर रीताबाईंना उत्तर देता येत नाही, आणि मला त्यांच्या दारावरून रोज जावं लागतं. म्हणून हा अहवाल गावाबाहेरच्या लोकांसाठी छापत आहे.

तुम्ही इथवर वाचलंत. मधे दोन-तीनदा आमच्या गावाला हसलाही असाल; हसायला आमची हरकत नाही. आता एक करा. घरचा संगणक सुरू करा आणि पडद्याच्या उजव्या बाजूला, अगदी खाली कोपऱ्यात पाहा. तिथे फिकट अक्षरांत कोणी तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून सॉफ्टवेअर रीतसर घेण्याची विनंती करत असेल. तुम्हाला ती आता दिसतही नसेल, इतकी सवय झाली असेल. पण असेल तर आमची यादी पूर्ण होते. सोबत यादीचं शेवटचं पान जोडलं आहे. शहाण्णव नावं आम्ही भरली आहेत. सत्त्याण्णवावी ओळ कोरी आहे, आणि शेजाऱ्याचं नाव लिहिण्याची मुभा फक्त गावातल्यांना होती.